चित्राला पाठ नसते

२०२५ च्या ऑगस्टअखेर सगळ्यांच्या फोनवर एकच खेळ चालू होता. गूगलच्या 'नॅनो बनाना'ला आपला फोटो द्यायचा आणि त्याने आपली छोटी मूर्ती करून दाखवायची. पारदर्शक ॲक्रिलिकच्या चकतीवर उभी, टेबलावर ठेवलेली, शेजारी खेळण्याचा छापील खोका, मागे स्क्रीनवर तीच मूर्ती थ्रीडीत घडताना. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एका दुपारी अशा तीसेक मूर्ती जमल्या. मॅनेजरचीही होती आणि तिच्यात त्याचं पोट गायब होतं. पंधरा-वीस दिवसांत ती लाट ओसरली आणि दुसरी आली. आता त्याच फोटोवर शिफॉनची साडी, केसांत फूल, भिंतीवर संध्याकाळचं पिवळं ऊन. आधी मूर्ती, मग साडी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी माझी मूर्ती मागून दाखवायला सांगितली. कुर्त्याच्या पाठीवर त्याने एक लांब चेन बसवली होती, जी माझ्या कुठल्याच कुर्त्याला नाही, आणि वेणीचं टोक खांद्यातून आरपार गेलं होतं. फोटो समोरून काढलेला, पाठीची काही माहितीच नाही, मग उरलेलं अंदाजाने भरायचं. इनपुट अपुरं आणि आउटपुट तर द्यायचंच, ही परिस्थिती सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या पोर्सेलिनच्या कारखान्यांत हीच अडचण आली होती. तिथल्या मूर्तिकारापुढे जे चित्र होतं ते आपल्या लक्ष्मीचं होतं.

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) आपल्याला माहीत आहे तो कॅलेंडरातून. त्याच्या चित्रांच्या रंगीत प्रती काढाव्यात ही कल्पना सर टी. माधवरावांनी त्याला सुचवली होती. माधवराव बडोद्याचे दिवाण होते आणि घराणं तंजावरच्या मराठी भाषकांचं. त्यांचा सल्ला होता की चित्रं युरोपात पाठवून तिथे छापून घ्यावीत. रविवर्म्याने छापखानाच इथे आणला. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन होती, कारागीर जर्मन होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकही फ्रिट्झ श्लायशर नावाचा जर्मन झाला. एका चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्या दगडांवरून एकावर एक छपाई, आणि शेवटी चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राजवाड्यातली सरस्वती.

ती छापील चित्रं मग समुद्रापलीकडे गेली आणि तिथून मूर्ती होऊन परत आली. लक्ष्मी, सरस्वती, राधाकृष्ण: वीतभर उंचीच्या, पांढऱ्या पोर्सेलिनच्या, गुलाबी गालांच्या, खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी केलेल्या. त्यातल्या बऱ्याच 'बिस्क'मध्ये असत. बिस्क म्हणजे भाजलेलं पण वर काचेसारखा लेप न दिलेलं पोर्सेलिन. ते चकाकत नाही, पावडर लावलेल्या गालासारखं दिसतं, त्यामुळे युरोपात बाहुल्यांचे चेहरे त्याचे करत. आपल्या देवींना तोच चेहरा मिळाला. आज या मूर्ती लिलावांत, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत आणि जुन्या घरांच्या शोकेसमध्ये भेटतात.

समीक्षक मंडळी या मूर्तींकडे फिरकत नाहीत. रविवर्म्यावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत, भांडणं आहेत. त्याच्यावरून केलेल्या मूर्तीवर मात्र एकच शब्द आहे: शोपीस. मराठीत हा शब्द माणसालाही लावतात आणि तेव्हा ती शिवी असते. मला वाटतं या मूर्तींची नीट समीक्षा करता येते, आणि ती पाठीपासून सुरू करावी.

पोर्सेलिनची मूर्ती कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पाठीचा मुद्दा कळणार नाही. पांढरी केओलिन माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांचं मिश्रण. मूर्तिकार आधी मातीत मूळ नमुना घडवतो. त्या नमुन्याचे तुकडे करतात: डोकं वेगळं, हात वेगळे, धड वेगळं. प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा बनतो. त्या साच्यात पातळ मातीचं ताक ओतलं की प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि आतल्या बाजूला मातीचा थर धरतो. उरलेलं ताक ओतून टाकतात, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ असते. थर जरा घट्ट झाला की तुकडे बाहेर काढून त्याच ताकाने एकमेकांना चिकटवायचे, वाळवायचं, भट्टीत घालायचं. कठीण पोर्सेलिन चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात आणि तोपर्यंत मूर्ती आकाराने साधारण सहावा हिस्सा आक्रसते. भट्टीत ती मऊ पडते, म्हणून हातांखाली टेकू द्यावे लागतात. चार हातांची लक्ष्मी म्हणजे चार वेगळे साचे, चार सांधे, चार टेकू. या मूर्तींच्या बोटांचे टवके का उडालेले असतात ते आता लक्षात येईल.

साचा जितक्या कमी तुकड्यांचा तितका खर्च कमी. पाठीवर साडीच्या चुण्या, पदराच्या घड्या, केसांचा अंबाडा असं सगळं खोलवर घडवलं तर साचा सहज सुटत नाही, त्याचे आणखी तुकडे करावे लागतात. पाठ सपाट ठेवली की काम भागतं. त्यातून मूर्तिकारापुढे छापील कागद आणि कागदाला पाठ नाही. त्याने आयुष्यात साडी नेसलेली बाई पाहिलेली असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पदर समोरून खांद्यावर जातो हे चित्रात दिसतं. पुढे तो कुठे जातो हे चित्र सांगत नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या मूर्तींमध्ये पदर खांद्यापलीकडे गेला की संपतो. त्यापुढे एक गुळगुळीत, पांढरा, किंचित फुगीर उतार.

तुलनेला एक मूर्ती घेऊ, जी याच काळातली आणि मुंबईतली आहे. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १८९६ च्या सुमारास, 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरमध्ये घडवली. देवळाकडे निघालेली तरुण बाई. तिची साडी अंगाभोवती फिरते, नुसती अंगावर चिकटवलेली नाही. म्हात्र्यांना साडीची पाठ कल्पनेने भरावी लागली नाही, ती रोज घरात समोरून जात-येत होती. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या जातीजमातींच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. कलाकृती म्हणून मला त्या तितक्या आवडत नाहीत, माणसांना नमुन्यासारखं मांडलेलं पाहून अवघडायला होतं. पण पगडी मागून कशी दिसते हे त्या करणाऱ्याला ठाऊक होतं, हे मान्य करावं लागतं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. देवाच्या मूर्तीला पाठ हवी कशाला? आपल्याकडे गणपतीच्या पाठीचं दर्शन घेऊ नये म्हणतात, पाठीशी दारिद्र्य असतं. गणेशोत्सवाआधी कुठल्याही कारखान्यात जाऊन बघा. पुढून पितांबराची किनार, डोळ्यांची आखणी, खडे, आणि मागे रंगाचा एक हात. देव्हाऱ्यात मूर्ती भिंतीला टेकलेली असते. तिला एकच बाजू असते, ती आपल्याकडची. मग जर्मन मूर्तिकाराने नकळत बरोबरच केलं म्हणायचं.

अडचण अशी की या मूर्ती देव्हाऱ्यात फारशा गेल्याच नाहीत. त्या गेल्या शोकेसमध्ये. आणि जुन्या शोकेसच्या मागच्या फळीला आरसा असायचा.

त्या आरशाकडे येतेच, पण त्याआधी मूर्तीच्या तळाकडे बघू. कारण या वस्तूंचे शौकीन ना चेहरा बघतात ना पाठ. ते मूर्ती हातात घेतात आणि उलटी करतात.

तळावर शिक्का असतो. देशाचं नाव त्यात का आलं याचं कारण भक्ती नाही की अभिमान नाही, व्यापाराचे कायदे आहेत. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि इथल्या सरकारने १८८९ मध्ये व्यापारचिन्हांचे कायदे केले. परदेशी मालाने स्वदेशी असल्याची बतावणी करू नये, हा त्यामागचा एक हेतू. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून लक्ष्मीच्या कमळाखाली रोमन अक्षरांत 'जर्मनी' असा ठसा येतो.

या तळांचं वाचन किती नादी लावणारं असतं हे बघायचं असेल तर जर्मनीच्या शेजारचा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग, बघावा. कार्लोव्ही व्हारीजवळच्या सेडलेत्सची केओलिन माती इतकी चांगली की इतर ठिकाणच्या मातीची प्रत तिच्याशी ताडून ठरवत. त्या पट्ट्यात अठराव्या शतकाच्या अखेरपासून कारखाने निघाले. मूर्तींसाठी सगळ्यांत गाजलेला म्हणजे दुख्त्सोव्ह गावातला रॉयल डक्स, १८६० मध्ये एडुआर्ड आयशलरने काढलेला. (याच गावातल्या वाड्यात कॅसानोव्हा म्हातारपणी ग्रंथपाल होता आणि तिथेच १७९८ मध्ये वारला. शोपीसचंच आयुष्य झालं होतं त्याचं.) रॉयल डक्सची खूण म्हणजे तळाला चिकटवलेला गुलाबी मातीचा छोटा त्रिकोण.

बोहेमियातल्या मालावर १९१८ पर्यंत 'ऑस्ट्रिया' असतं, कारण तो प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. मग 'चेकोस्लोव्हाकिया'. १९३८ मध्ये हिटलरने सीमेवरचा जर्मनभाषक पट्टा गिळला. १९४५ नंतर कारखाने सरकारी झाले आणि त्या पट्ट्यातल्या जर्मनभाषकांना हाकलून देण्यात आलं, सगळे मिळून तीस लाखांच्या आसपास. साचे राहिले आणि ते साचे घडवणारे, रंगवणारे हात बहुतेक निघून गेले. १९९३ पासून पुन्हा नवा देश, नवा शिक्का. एकच गाव, एकच भट्टी आणि चार नावं. शौकीन लोक तळ बघून साल सांगतात तेव्हा ते खरं तर नकाशा वाचत असतात.

या पट्ट्याशी आपला संबंध पोर्सेलिनपेक्षा बांगड्यांतून जास्त आला. तिथलंच याब्लोनेत्स गाव हिंदुस्थानात काचेच्या बांगड्या पाठवायचं, प्रचंड संख्येने. आपल्या पणज्यांच्या मनगटावर बोहेमिया किणकिणत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. बांगडीला तळ नसतो.

रॉयल डक्सच्या जुन्या मूर्ती मला कंटाळवाण्या वाटतात हे सांगून टाकते. विशेषतः उंटावरचे अरब. फेट्याची प्रत्येक घडी आहे, उंटाच्या झुलीचे गोंडे आहेत, हस्तिदंती आणि हिरव्या रंगांची मऊ सावली आहे, कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. पण तो अरब कुठे चाललाय हे त्यालाही माहीत नाही. तो युरोपातल्या दिवाणखान्यातल्या पियानोवर चाललाय. लक्ष्मी करणाऱ्याने साडी पाहिली नव्हती, तसंच उंटस्वार करणाऱ्याचं वाळवंट दुसऱ्याच्या चित्रातलं असावं असं वाटत राहतं. फरक इतकाच की त्याने मागची बाजूसुद्धा आत्मविश्वासाने भरली.

चेक मूर्ती मला खरोखर आवडतात त्या नंतरच्या. १९५८ च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाचं दालन सर्वोत्कृष्ट ठरलं आणि यारोस्लाव येझेक याच्या 'एल्का' कॉफी सेटला ग्रां प्री मिळालं. येझेक, यित्का फोरेयतोव्हा या मंडळींनी त्या सुमारास छोट्या मूर्ती केल्या: प्राणी, पक्षी, बायका. पापण्या नाहीत, गोंडे नाहीत. मानेपासून शेपटीपर्यंत एकच वळण, त्यावर रंगाचा एखादाच पट्टा. ओतून तयार होणारी माती कशी वळते, कुठे पातळ होते, भट्टीत कुठे झुकते हे धरूनच आकार सुचलेला. अशा मूर्तीला पुढची आणि मागची बाजू असा भेदच राहत नाही. ती आधी चित्र नव्हतीच.

म्हणजे पाठीचे दोन प्रामाणिक मार्ग दिसतात: म्हात्र्यांसारखं पाहून घडवायचं, किंवा येझेकसारखं मातीतच विचार करायचा. आमच्या घरातल्या लक्ष्मीला तिसरा मार्ग सापडला.

ही लक्ष्मी कल्याणला पारनाक्यावर, माझ्या आईच्या आत्याकडे आहे. आम्ही सगळे तिला माई म्हणतो. पहिल्या महायुद्धाच्या आधी कुणीतरी मुंबईहून आणलेली, असं घरात सांगतात. साडेसात इंच उंच, कमळावर उभी, मागच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. चेहरा अगदी युरोपियन बाहुलीचा. आणि अंगावर शिवलेली साडी: लाल रेशमी कापड, जरीचा काठ, बारीक टिकल्या, कमरेला मण्यांची ओळ. ही साडी माईच्या आजेसासूबाईंनी शिवली. छापील चित्रांवर जर, टिकल्या, कापड चिकटवून देवीला सजवायचं काम तेव्हा घरोघरी चालायचं आणि आजही जुन्या तसबिरींत ते बघायला मिळतं. पोर्सेलिनच्या मूर्तींनाही तोच न्याय लागला.

मी माईला विचारलं, आधीच साडी रंगवलेली असताना वर पुन्हा साडी कशाला?

"अगं, पाठ उघडी होती तिची," माई म्हणाली. "आरशात दिसायची. येणारा-जाणारा बघायचा. लक्ष्मीला अशी ठेवतात का घरात?"

मी मूर्ती आडवी करून फोनच्या टॉर्चने साडीच्या आत पाहिलं. खरंच, पाठीवर रंग नाही. कारखान्याने लाल रंग कडेपर्यंत आणून सोडून दिलेला. आणि बाहेरून, त्या कोऱ्या जागेवर, नऊवारीचा कासोटा आहे. खरा. चुण्या घेऊन मागे खोचलेला, त्याला आतून चार बारीक टाके. काठ बरोबर मधोमध येतो. दोन इंच रुंदीच्या जागेत हे बसवायचं म्हणजे काय, ते सुईत दोरा ओवतानाच घाम फुटणाऱ्या माझ्यासारखीने बोलूच नये. पुढून ही साडी थोडी जास्त झाली आहे, टिकल्यांची गर्दी आहे, हातांच्या खाली कापड फुगतं. मागून ती अचूक आहे. रविवर्म्याने जे काढलं नव्हतं, जर्मन मूर्तिकाराला जे माहीत नव्हतं, ते कल्याणातल्या एका बाईने आरशात बघून पूर्ण केलं.

मला या कामाला 'सजावट' म्हणायला जड जातं. आपल्याकडे मूर्ती पुरी होण्याची एक रीत आहे ज्यात अंग हे नुसतं निमित्त असतं. ज्येष्ठागौरी बघा. मुखवटा तेवढा घडवलेला, पितळेचा नाहीतर शाडूचा, खाली स्टँड किंवा डबे, बाकी सगळी गौर साडीची. तिच्या निऱ्या नीट आल्या नाहीत तर सासू-सुना तासभर खपतात, आणि कुणी म्हणत नाही की मूळ मूर्ती म्हणजे स्टँड, साडी नंतरची. माईच्या आजेसासूबाईंनी जर्मन पोर्सेलिनकडे गौरीच्या नजरेने पाहिलं असणार. छान मुखवटा आहे, अंगही आहे, आता नेसवू या.

गेल्या वर्षी त्यांची इमारत पुनर्बांधणीला गेली. नव्या फ्लॅटच्या आराखड्यात सागवानी शोकेसला भिंतच नाही. आमच्या बाळकुमच्या टॉवरमध्येही नाही. हॉलची एक भिंत टीव्हीची, दुसरी सोफ्याची, तिसरी काचेची. शोपीसची हौस आता खाली लॉबीत भागवलेली असते: फायबरचा पाच फुटी बुद्ध, मागे झिरपणारं पाणी. रात्री जुन्या आग्रा रोडने कशेळीच्या पुलाकडे, भिवंडीच्या गोदामांकडे ट्रक चाललेले असतात, त्यांतल्या कितीतरी खोक्यांत रेझिनची हरणं आणि हसणारे बुद्ध असतील. त्यांच्या तळावरही देशाचं नाव असतंच.

मामांनी, म्हणजे माईच्या मुलाने, लक्ष्मी विकून टाकावी असं सुचवलं. त्यात वावगं काही नव्हतं. घरभाडं चालू होतं, वस्तू नाजूक होती, तीन भाच्यांत भांडण नको होतं. मी एका संग्राहकाला फोटो पाठवले. चेहऱ्याचे दोन, पाठीचे चार, मुद्दाम. त्याचं उत्तर आलं: तळाचा फोटो पाठवा. पाठवला. ठसा आहे, नुसता 'जर्मनी' आणि एक आकडा, कारखान्याचं नाव नाही. मग त्याने विचारलं की कापड काढता येईल का. आत तडा असेल तर दिसायला हवा, शिवाय कापड नंतरचं आहे, डाग पडलेत, मूळ स्थितीत असलेल्या मूर्तीला भाव जास्त येईल.

त्याच्या बाजूने पाहिलं तर मागणी रास्त होती. बिस्कमध्ये केसासारखी चीर असली तर ती वाढते आणि पैसे मोजणाऱ्याला ती बघण्याचा हक्क आहे. मला खटकला तो 'मूळ' हा शब्द. कुठलं मूळ? मूर्ती चित्रावरून, चित्र दगडावरून, दगड तैलचित्रावरून. साचासुद्धा काही ओतींनंतर झिजतो, नाकडोळे बोथट होतात, मग त्याच नमुन्यावरून नवा साचा करतात. या साखळीत ज्याची दुसरी प्रत जगात नाही असा एकच भाग आहे, आणि तो काढून टाका असं सांगण्यात येत होतं. कारखान्याने अशा मूर्ती किती ओतल्या कुणास ठाऊक. तो कासोटा एकदाच घातला गेला.

अशा वस्तूंच्या बाजारात तळ हा पुरावा आणि कापड हा अडथळा, असं वाचायची सवय पडली आहे. शिक्का असलेल्या हाताला इतिहास मिळतो आणि सुई धरणाऱ्या हाताला 'नंतरची भर' ही नोंद. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुंच्या गोळा केल्या तेव्हा त्यांनी तळ पाहिले नसणार, कारण त्या वस्तूंना तळावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी वापर पाहिला. पोर्सेलिनच्या बाबतीत आपण हे अजून शिकलेलो नाही, बहुधा माल परदेशी म्हणून. परदेशी मालाचा न्याय परदेशी फूटपट्टीने.

हे सगळं मी मामांना सांगितलं नाही. कासोट्याचा फोटो मोठा करून दाखवला फक्त. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे मी कधी बघितलंच नव्हतं. आमच्या लहानपणी शोकेसला हात लावला की धपाटा मिळायचा." विक्री तूर्त थांबली आहे. थांबली आहे म्हणजे थांबलीच आहे, रद्द झालेली नाही. भाड्याच्या घरात लक्ष्मी कपाटात, एका जुन्या शालीत गुंडाळून आहे.

दरम्यान लिलावात लिहितात तशी एक नोंद मी करून ठेवली आहे, उद्या कुणाच्या हातात गेली तर बरोबर जावी म्हणून. लक्ष्मी, कमळावर उभी. राजा रविवर्म्याच्या छापील चित्रावरून. अंग: बिस्क पोर्सेलिन, जर्मनी, १९१४ पूर्वी, कारखाना अज्ञात. साडी: रेशीम, जर, टिकल्या, मणी, कल्याण, हाताने शिवलेली, मागे कासोटा. उंची साडेसात इंच. उणीव: मागच्या उजव्या हाताची दोन बोटं. दुरुस्ती: डाव्या खांद्यावरची जर, १९८० च्या सुमारास, माईने आपल्या शालूचा काठ उसवून.